पहाटे साडेपाचचा आरसा

पत्र:

ताई, मी ४९ वर्षांची. ठाण्यात मानपाड्याला राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. मुलगी २६ वर्षांची आहे, ऐरोलीला आयटी कंपनीत जाते. डिसेंबरात तिचं लग्न आहे. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा होणाऱ्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "पोरगी फोटोत जरा काळवंडल्यासारखी दिसते, लग्नाआधी काहीतरी ट्रीटमेंट करून घ्या." मुलगी आजीच्या वळणावर गेली आहे, सावळी आहे. त्या दिवसापासून तिने ध्यासच घेतलाय. घराजवळच्या एका ब्यूटी क्लिनिकने ६५ हजारांचं 'ब्रायडल ग्लो' पॅकेज सांगितलंय. त्यात सहा ड्रिप, दोन पील आणि ओठांचं फिलर सवलतीत. एक क्रीमची डबीही दिलीय, तिच्यावर लेबल नाही. पंधरा दिवस लावतेय आणि चेहरा खरंच उजळलाय. हे म्हणतात, "मेकअप काय नि इंजेक्शनं काय, सगळी फसवणूक. देवाने दिलेला चेहरा झाकायचा कशाला?" मीही तिला म्हणते, तू आहेस तशीच छान आहेस.

पण ताई, माझ्या हनुवटीवर केस येतात. वीस वर्षं झाली. रोज पहाटे साडेपाचला बाथरूमचं दार लावून रेझर फिरवते. ह्यांना माहीत असेल, पण आम्ही कधी बोललो नाही. लेझर करून घ्यावंसं वाटतं. मग मुलीला कुठल्या तोंडाने नको म्हणू?

एक आई, ठाणे

उत्तर:

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ती लेबल नसलेली डबी. आज रात्रीपासून ती चेहऱ्याला लावायची नाही. फेकूनही देऊ नका, कपाटात ठेवा, ती लागणार आहे. कारण पुढे सांगते.

तुमच्या पत्रात लेकीबद्दल बरंच आहे आणि स्वतःबद्दल शेवटच्या चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते. त्या दाराआड तुम्ही वीस वर्षं एकट्या आहात, आणि त्या दाराची कडी निघाल्याशिवाय लेकीशी मोकळं बोलता येणार नाही असं मला वाटतं.

हनुवटीवर राठ केस येणं ही तुमची चूक नाही, आणि ते काही दुर्मीळही नाही. बायकांच्या शरीरातही पुरुषी संप्रेरकं थोड्या प्रमाणात असतातच. ती वाढली, किंवा केसांची मुळं त्यांना जास्त दाद देऊ लागली, की हनुवटी, ओठांच्या वरची जागा, जबड्याची कड इथे राठ केस उगवतात. वीस वर्षं झाली म्हणता, म्हणजे तिशीच्या आसपास सुरू झालं, म्हणजे तेव्हा पाळी अनियमित होती का, वजन वाढलं होतं का, हे आठवून पाहा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचं आणि संप्रेरकांचं तंत्र बिघडणं, हे त्यामागचं नेहमीचं कारण. आता पन्नाशीत पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळेही असे केस वाढतात. म्हणून लेझरच्या आधी एकदा त्वचारोगतज्ज्ञ आणि गरज पडली तर स्त्रीरोगतज्ज्ञ, असा क्रम ठेवा. केस गेल्या काही महिन्यांत अचानक भराभर वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर मात्र थांबू नका, तपासण्या लगेच करा.

आणि रेझरने केस दाट होतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला जाड लागतं. मुळाला त्याचा पत्ताही नसतो. वीस वर्षं तुम्ही स्वतःचं काही बिघडवलेलं नाही.

लेझरचं आता. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्याला, मेलॅनिनला, पकडतो. तिथे उष्णता होते आणि मूळ जळतं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीतही तेच मेलॅनिन असतं, त्यामुळे चुकीचं मशीन किंवा चुकीचा हात असेल तर केसाबरोबर कातडीही भाजते आणि काळे डाग राहतात. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात, कारण ते वरच्या थराला कमी दुखावून खोल जातं. डॉक्टरांना सरळ विचारा, "तुमचं मशीन कोणतं, आणि माझ्या रंगाच्या बायकांवर तुम्ही ते किती केलंय?" साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. केस विरळ आणि मऊ होतात, पण 'कायमचे गेले' असं कुणी लिहून देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. संप्रेरकांचं कारण चालू असेल तर अधूनमधून पुन्हा बैठक घ्यावी लागते. पिकलेल्या केसांवर लेझर चालत नाही, कारण पकडायला त्यात रंगच नसतो. तुमच्या वयाला हनुवटीवरचे काही केस पांढरे झाले असतील. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस असतं, एकेका मुळाला सुईने. वेळखाऊ आहे, पण होतं. आणखी एक, जे पॅकेज विकणारे सांगत नाहीत: काही जणींना चेहऱ्यावर लेझरनंतर आजूबाजूचे केस उलट वाढतात. म्हणून थोड्या जागेवर आधी करून बघावं.

एवढं सगळं सांगून माझं मत विचाराल तर करा. जरूर करा.

का करा, ते सांगायला मला माझ्या कपाळाची गोष्ट सांगावी लागेल.

मी एक्केचाळिशीत होते. नौपाड्यात घर, रोज सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरी. आमच्या बाथरूमच्या आरशाच्या डाव्या कडेला माझ्या टिकल्यांची रांग असायची. रात्री तोंड धुताना काढायची, तिथे चिकटवायची, सकाळी तीच लावायची. तुमच्याकडेही असेल. एका रात्री टिकली काढली तर खालची जागा फिकट दिसली. महिन्याभरात तिथे डाळीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका झाला. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो कोड. घरात नणंदेच्या लग्नाचं बघत होते, पत्रिका फिरत होत्या, आणि त्या दिवसांत हा शब्द घरात उच्चारला गेला असता तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. मी कुणाला काही बोलले नाही. ठिपका झाकला जावा म्हणून थोडी मोठी टिकली आणली. काही आठवड्यांनी ठिपका त्या टिकलीएवढा झाला. मी आणखी मोठी आणली.

आठ महिने मी हे केलं. दिवसभर ऑफिसात घाम आला की हात कपाळाकडे जायचा. कुणी समोर बसून बोलत असलं की ते माझ्या डोळ्यांकडे बघताहेत की टिकलीच्या कडेकडे, एवढंच माझ्या मनात. समोरचा माणूस काय बोलला ते कित्येकदा कानात शिरायचंच नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी टिकली काढायला सांगितली, भिंग लावून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टिकली कधीपासून लावता?" टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काही जणींच्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्याने मरतात. म्हणजे झाकायला मी जे लावत होते, तेच डाग वाढवत होतं. टिकली बंद झाली. मलम आलं. आणि डाग भरेपर्यंत लावायला त्यांनी मला एक कन्सीलर सुचवलं, माझ्या रंगाशी जुळणारं. सकाळी एकदा बोटाने टेकवलं की संध्याकाळपर्यंत मला कपाळ आहे याचीच आठवण राहायची नाही. वर मेण लावून कुंकू टेकवायला मी आईकडून शिकले होते, ते पुन्हा सुरू केलं. दोनेक वर्षांत कडेकडेने तपकिरी ठिपके उगवत डाग बराच भरला. मसुराच्या डाळीएवढा अजून आहे.

ताई, टिकलीही झाकत होती आणि कन्सीलरही झाकतच होतं. पण टिकलीने माझं सगळं लक्ष कपाळात अडकवून ठेवलं होतं आणि कन्सीलरने ते सोडवलं. तेव्हापासून नटण्याच्या कुठल्याही गोष्टीबद्दल मी एवढंच बघते: हे केल्यावर या बाईला आपला चेहरा विसरून कामाला लागता येईल, की चेहराच दिवसभर डोक्यात बसून राहील? तुम्ही वीस वर्षं पहाटे साडेपाचला उठून रेझर फिरवताय, आणि मला खात्री आहे की दुपारी शाळेत कुणी पालक समोर उभे राहिले की तुमचा हात हनुवटीकडे जातो. लेझरने तो हात खाली येणार असेल, तर त्यात लपवाछपवी कसली?

आता लेक.

तिचा रंग हा आजार नाही, म्हणून त्याला ट्रीटमेंट नाही. इथे मी जराही मागेपुढे करणार नाही. हनुवटीवरचे केस, मुरमांचे खड्डे, गालावरचं वांग, माझ्या कपाळाचा डाग, यांच्यात काहीतरी बिघडलेलं किंवा वाढलेलं असतं आणि त्यावर उपाय असतो. सावळा रंग ही आजीकडून आलेली धडधाकट कातडी आहे, उन्हापासून जास्त राखणारी. आमच्या लहानपणी, १९७५ मध्ये, 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. तुमच्या क्लिनिकच्या पॅकेजचं नावही 'ग्लो'च आहे. शब्द बदलला तरी विहीणबाई जे मागताहेत ते जुनंच आहे.

ड्रिप म्हणजे बहुतेक ग्लुटाथिओन असणार, विचारून घ्या. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. तो शिरेतून दिला की मेलॅनिनची घडण गडदकडून फिक्याकडे झुकते, असा दावा आहे. पण रंग उजळवण्यासाठी शिरेतून ग्लुटाथिओन द्यायला आपल्याकडे मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये हा प्रकार फार बोकाळला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि अंगावर गंभीर पुरळ उठण्याच्या धोक्याचा जाहीर इशारा दिला. शिरेत सुई जाते म्हटल्यावर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि ती आली तर ब्यूटी क्लिनिकच्या खुर्चीत कोण सावरणार? समजा काही झालं नाही आणि रंग थोडा उतरला. ड्रिप थांबले की तो परत येतो. म्हणजे विहीणबाईंच्या फोनवरच्या त्या एका वाक्याचा हप्ता तुमची लेक लग्नानंतरही भरत राहणार.

आणि ती डबी. पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला असं तुम्ही आनंदाने लिहिलंय, मला वाचताना धस्स झालं. इतक्या लवकर चेहरा उजळवणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक, स्टेरॉइड. खाजेवर, इसबावर डॉक्टर थोडे दिवस देतात तेच, इथे चेहऱ्यावर रोज. आधी कातडी तुकतुकीत आणि गोरी दिसते. मग पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, उन्हात गेलं की आग होते, आणि सोडलं की चेहरा लालबुंद होतो, म्हणून पोरी पुन्हा तेच लावतात. हे प्रकार इतके वाढले की २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. आणि ताई, स्टेरॉइडने चेहऱ्यावर केस वाढतात. ज्या केसांपायी तुम्ही वीस वर्षं पहाटे उठताय, ते या डबीने लेकीच्या गालावर येऊ शकतात.

दुसरी गोष्ट पारा. मेलॅनिन तयार होण्याची क्रिया तो अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. आणि कातडीतून आत जाऊन तो मूत्रपिंडाला धरतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे, तरी तो सापडतो. अलीकडच्या वर्षांत अकोल्यातल्या एका घरात मायलेकी मिळून तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तेव्हा ब्यूटिशियनकडून आणलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. एकीने आणलेली डबी घरातल्या तिघींनी वापरली होती. तुम्हीही कधी बोटभर लावून पाहिली असेल तर सांगा डॉक्टरांना. लेकीच्या लघवीची साधी तपासणी करून घ्या, प्रथिनं जात नाहीत ना एवढं बघायला. पाय सुजणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, असं काही असेल तर उद्याच जा. पंधराच दिवस झालेत, तेव्हा फार घाबरून जाऊ नका, पण टाळाटाळही नको.

पील म्हणजे सौम्य आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढणं. त्याला माझा सरसकट विरोध नाही. मुरमांचे डाग असतील तर त्वचारोगतज्ज्ञ ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचं सौम्य पील देतात आणि फरक पडतो. पण पीलनंतर ऊन पाळलं नाही तर सावळ्या कातडीवर डाग आणखी गडद होतात. ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बर लोकलने जाऊन पुढे स्टेशनपासून उन्हात चालणाऱ्या मुलीला हे पाळता येईल का, ते तिने ठरवावं. साखरपुड्याच्या फोटोत खरोखर काही काळवंडलेलं असेल तर ते उन्हाने, आणि त्याला सनस्क्रीन पुरे. एसपीएफ ३०चं असलं तरी यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं, फक्त ते चिमूटभर लावून चालत नाही, दोन बोटांवर रेघ ओढली तर जेवढं येतं तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. मानेवरून आठवलं: मान किंवा काख मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल तर ती घासू नका. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही याची ती खूण असते, साखर तपासायला हवी. कितीतरी आया लिंबू आणि दगड घेऊन पोरींच्या माना सोलून काढतात, माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

ओठांचं फिलर 'सवलतीत' हा शब्द मला सगळ्यात खटकला. फिलर म्हणजे बहुधा हायलुरॉनिक आम्लाची जेल, काही महिने ते वर्षभर टिकते. ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्या भागाचं रक्त थांबतं, आणि क्वचित का होईना, चेहऱ्यावरच्या फिलरने दृष्टी गेल्याचीही उदाहरणं आहेत. ती जेल लगेच विरघळवणारं औषध जवळ ठेवणारा आणि ते कधी द्यायचं हे जाणणारा डॉक्टरच हे करू शकतो. लेकीला तिच्या मनाने ओठ भरावेसे वाटत असतील तर लग्न होऊ दे, वर्षभर जाऊ दे, मग तिने जावं. २६ वर्षांची आहे, तो तिचा प्रश्न. आज तो तिच्या मनातला आहे की पॅकेजमधला, एवढं तिला विचारा.

तुमच्या यजमानांच्या 'फसवणूक' या शब्दावर मी दोन दिवस विचार केला. त्यांना लेकीची माया आहे म्हणून ते बोलले, हे मला कळतं. पण 'देवाने दिलेला चेहरा' हे वाक्य जसंच्या तसं धरलं तर आपल्या घरातलं काय काय बाद होईल? पहिल्या अंघोळीचं उटणं, काजळ, नथ, लग्नाची हळद. आणि बाळ कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून आपण त्याच्या गालाला काळं बोट लावतो, तेही चेहऱ्याला मुद्दाम काही करणंच की.

त्यांना पुण्याजवळची एक खरी गोष्ट सांगा. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू, तेव्हा त्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो डॉक्टर नव्हता, पण ज्याच्या घराण्यात ही विद्या होती, मेणाचं नाक बनवून कापल्या जागी बसवून पाहिलं. मग ते मेण सपाट करून त्याच्या कपाळावर ठेवलं, भोवती रेघ काढली, आणि तेवढी कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये ती लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. ते वाचून तिकडचे सर्जन शिकले. कावसजीने जग फसवलं असं यजमान म्हणतील का? तो पुन्हा चारचौघांत बसायला लागला असेल. मला तुमचं लेझर त्याच ओळीतलं वाटतं, कितीही लहान असलं तरी.

आणि ज्या बोटॉक्सच्या नावाने घरोघरी नाकं मुरडतात, ते आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिरळेपणासाठी वापरलं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची २००२ ची. तेव्हा सुई वाईट की चांगली, असा प्रश्न मला कधी पडत नाही. कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि कुणाच्या हातून, हे मी विचारते.

लग्नाच्या मेकअपबद्दल मात्र मला मनापासून काही सांगायचंय, कारण इथे लेकीला मजा करता येईल. माझे मामा हौशी नाटकांची रंगभूषा करायचे. ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यगृह १९७८ मध्ये सुरू झालं, त्यानंतर मी त्यांच्या मागे मागे तिथल्या रंगपटात जाऊन बसायची. ते म्हणायचे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसले पाहिजेत, त्यासाठी रंग. प्रयोग संपला की खोबरेल तेलात कापूस बुडवून ते स्वतः नटाचा चेहरा पुसायचे, कानामागपर्यंत, अगदी हलक्या हाताने. रंग लावताना जेवढा वेळ द्यायचे तेवढाच उतरवताना. रंगाखालचा चेहरा त्यांना जपायचा असायचा. लग्नाचा हॉलही रंगमंचच आहे. वरून दिवे, समोर व्हिडिओवाला, पाचशे माणसं. तिथे काजळ जरा ठसठशीत हवं, ओठांना रंग हवा. त्याला फसवणूक कोण म्हणेल?

घोटाळा होतो तो शेडमध्ये. मेकअपवाली न विचारता दोन शेड उजळ फाउंडेशन लावते आणि सावळी मुलगी पांढरीफटक, राखुंडी दिसते. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, मेंदीचे हात तिसऱ्या. ट्रायल घ्याल तेव्हा सांगा, "रंगाला रंग जुळव." तीन शेड जबड्याच्या कडेला लावायच्या, खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघायच्या. जी दिसेनाशी होते ती आपली. मग तासभर तशीच ठेवायची, कारण काही फाउंडेशन हवेने गडद होतात. पार्लरच्या आरशावर विसंबू नका. तुम्ही दोघी तशाच तलावपाळीला जाऊन या, एक चक्कर मारा, तिथल्या उजेडात लेकीचा फोटो काढा. फोटोत ती तिच्यासारखी दिसली पाहिजे, नीट झोप झाल्यासारखी. सावळ्या रंगावर मोतिया, मरून, जांभळा, हळदीचा पिवळा काय खुलतो! विहीणबाईंना त्या दिवशी दिसू दे.

काळी मेंदी कुणी आग्रहाने काढली तरी नको, तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असतं, फोड येतात. लग्नाआधीच्या महिन्यात चेहऱ्यावर नवीन काहीच नको.

राहिल्या विहीणबाई. त्यांच्याशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. गप्प बसलात की लेकीला वाटेल, आईलाही तसंच वाटतं. एवढंच म्हणा, "तुम्ही म्हणालात ते आम्ही ऐकलं. डॉक्टरांना दाखवलं, तिची त्वचा निरोगी आहे. रंग तिने माझ्या सासूबाईंचा घेतलाय आणि आमच्या घरात तो सगळ्यांना आवडतो. ट्रीटमेंट काही करणार नाही." शांतपणे म्हणा आणि मग मुहूर्ताचं, रुखवताचं बोलायला लागा. होणारे जावई यावर काय म्हणतात ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. लेकीने त्यांना लग्नाआधीच विचारावं. हे वाक्य आपल्या आईशी बोलायला ते तयार असतील तर उत्तम. नसतील तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि लेकीला "आहेस तशीच छान आहेस" हे एवढ्यात पुन्हा म्हणू नका. खरं आहे, पण आईच्या तोंडून पोरींना ते समजूत काढल्यासारखं ऐकू येतं. त्याऐवजी तिला साडेपाचचं सांगा. दार, रेझर, वीस वर्षं, सगळं. मी डाग दाखवला होता तो सगळ्यात आधी त्या नणंदेला, जिच्या लग्नासाठी लपवला होता. तिने माझं कपाळ हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, एवढे दिवस एकटीच?" तुमची लेकही असंच काहीतरी म्हणेल. मग तिला सांगा, मी डॉक्टरकडे चाललेय, तू येशील का सोबत. दोघींची तपासणी एकाच खेपेत होईल.

खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जा, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही गेलात तरी डॉक्टरांची त्वचारोगातली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघून घ्या. जाताना जुने रक्ताचे रिपोर्ट, पाळीच्या तारखा आणि कपाटातली ती डबी बरोबर असू द्या. पॅकेजचे आगाऊ पैसे भरले असतील तर पावती शोधून ठेवा.

आणि एक. डॉक्टरांना केस कुठे, किती आणि कसे आहेत ते दिसायला लागतं. म्हणून त्या दिवशी, आणि त्याच्या आधीचे तीन-चार दिवस, हनुवटीला रेझर लावू नका. रिक्षात लेक शेजारी असेलच.

तुमची,
ताई